काळाचौकीतला उजवा कौल

दात कोरून पोट भरत नाही असं ज्यानं कुणी म्हणून ठेवलं, त्याची आणि आनंदा वायंगणकरची गाठ पडलेली नसावी. आनंदाचं, त्याच्या बायकोचं आणि मुलीचं पोट इतकी वर्षं दातांवरच भरत आलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या दातांवर. परळला एका जुन्या इमारतीत अभय करंदीकरांची लॅब होती. तिथं कवळ्या बनत. गिरगाव, दादर, हिंदमाता इथल्या दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांची मापं उचलायची, लॅबमध्ये आणायची आणि तयार झालेल्या कवळ्या ज्याच्या त्याच्या दवाखान्यात पोचवायच्या, हे आनंदाचं काम. खांद्याला जाड कापडाची पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या डब्या, प्रत्येक डबीवर नावाची चिठ्ठी, आणि बसच्या खिडकीशी बसलेला आनंदा, हे चित्र त्या रस्त्यावरच्या कंडक्टरांच्या चांगलं ओळखीचं होतं.

आनंदाला स्वप्नं पडत, पण झोपेत नाही. बस सुरू झाली आणि खिडकीतून वारा लागला, की त्याचे उघडे डोळे कुठंतरी लांब जात. डबीवर 'श्रीमती दाबके' असं लिहिलेलं असलं की दाबकेबाई पिशवीतून उठून समोरच्या सीटवर येऊन बसत. त्यांना त्यानं जन्मात पाहिलेलं नसे. दवाखान्यात त्याची धाव काउंटरपर्यंत. आतल्या खुर्चीत कोण बसतं ते त्याला कधी दिसत नसे. म्हणून चेहरे तो मनानंच करी. दाबकेबाई मग भाजलेलं कणीस खात, नातवाला नीट रागावत, फोटोत ओठ न मिटता हसत. एखाद्या रिटायर्ड मास्तरांची कवळी असली तर ते खोताच्या वाडीतल्या लाकडी जिन्यावर उभे राहून मोठ्यानं पाढे म्हणत, आणि एकही अक्षर फुर्र करून निसटत नसे. ह्या नादात हिंदमाता मागं पडे, दादर मागं पडे, आणि कंडक्टर खांद्याला हात लावून म्हणे, "काका, उतरायचं की डेपोत मुक्काम?"

"आलं का विमान खाली?" घरी पोचल्यावर कमल, त्याची बायको, विचारी. ती पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. तिचे पाय कायम जमिनीवर असत. घरातल्या एकाला तरी ते ठेवणं भाग होतं.

घर म्हणजे काळाचौकीतल्या चाळीतली एक खोली. आनंदाचे वडील कोकणातून गिरणीत आले तेव्हा ती मिळाली. गिरणी गेली, वडील गेले, खोली राहिली. तिथं अपेक्षा वाढली, एकुलती एक. बापानं रात्रीच्या जेवणाला तिला परी आणि राक्षस कधी वाढले नाहीत, कवळ्यांच्या गोष्टी वाढल्या. "मग त्यांना आता चणे खाता येतील?" ती विचारायची, आणि आनंदा फार विचार करून सांगायचा, "चणे नको. पण शेंगदाण्याची चिक्की, हळूहळू."

अशा घरातली पोरगी दातांची डॉक्टर व्हायला निघाली ह्यात नवल नव्हतं. बारावीनंतरच्या परीक्षेत तिला मार्कही पडले. दोन सरकारी डेंटल कॉलेजं तिला मिळू शकत होती: एक मुंबईतलं, घरापासून एका बसच्या अंतरावर, आणि दुसरं नागपूरचं. फॉर्मवर ज्याला पहिला नंबर देशील ते तुझं, असं क्लासच्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं.

"ह्यात विचारायचं काय?" कमल म्हणाली. "मुंबई सोडून दात शिकायला नागपूरला? तिथल्या माणसांना काय बत्तीसाच्या वर असतात?"

"नागपूरचंपण चांगलं आहे, आई," अपेक्षा एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. भांडली नाही, रुसली नाही. पण भाजीत मीठ कमी आहे हे माणूस जसं सांगत राहतं तसं ती ते सांगत राहिली.

आनंदाला ह्या वाक्याची धास्ती वाटू लागली. कारण त्याच्या मनात एक स्वप्न तयार होतं आणि ते त्यानं सावकाशीनं, चवीचवीनं रचलं होतं. लालबागच्या एका गल्लीत छोटासा दवाखाना. काचेच्या दारावर डॉ. अपेक्षा वायंगणकर. पडदा फिका हिरवा. कोपऱ्यात माशांची पेटी, कारण दात दुखणाऱ्या माणसाला मासे बघून बरं वाटतं असं त्याचं मत होतं. आणि तो स्वतः पिशवी घेऊन येतो, काउंटरपाशी थांबत नाही, सरळ आत जातो. दुपारी लेक घरी जेवायला येते. कित्येक बसप्रवासांत त्यानं त्या दवाखान्याच्या भिंती रंगवल्या होत्या. त्यात नागपूर कुठं बसतच नव्हतं.

एका रविवारी सकाळी बापलेक शिवडीच्या किल्ल्यावर गेले. खाडी ओसरली होती, चिखल रुप्यासारखा चकाकत होता, आणि समुद्रावरचा नवा पूल धुक्यात जाऊन अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. आनंदा त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाचा विचार करत असताना अपेक्षा बोलू लागली.

"गेल्या हिवाळ्यात क्लासमधल्या नूपुरच्या ताईच्या लग्नाला मी नागपूरला गेले होते ना, पप्पा? ती ताई त्याच कॉलेजात होती. तिनं आम्हाला हॉस्टेल दाखवलं. तिची खोली. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. त्या दोघी खाली गेल्या आणि मी एकटीच राहिले. मग मी दार लावलं."

"मग?"

"मग काहीच नाही. आवाज नव्हता. कुणी येत नव्हतं, कुणी काय करतेस म्हणून विचारत नव्हतं. मी नुसती खाटेवर बसले."

"बसून केलंस काय?"

"काही नाही, पप्पा. तेच तर."

आनंदानं मान हलवली, पण त्याला कळलं नाही. काहीच न करायला माणसानं एवढ्या लांब कशाला जावं? आपण तर बसमध्ये, गर्दीत, कुणाच्या कोपराचा धक्का खात खातसुद्धा पाहिजे तिथं जाऊन येतो. त्यानं लेकीला दूर उभी असलेली जहाजं दाखवली आणि विषय पाण्यावर सोडून दिला.

घरात मात्र विषय सुटेना. शेवटी कमलनंच तोड काढली. "देवाला विचारू."

वायंगणकरांच्या गावी ही रीतच आहे. घर दोन मनांचं झालं की रवळनाथापुढं जायचं. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. हाच कौल. कमलचं माहेर चिपळूणकडचं, तिथं ही पद्धत नाही. पण सासरच्या माणसांपेक्षा सासरच्या देवावर तिचा भरवसा जास्त. शिवाय तिचा हिशेब पक्का होता. "देव कोकणातला," ती आनंदाच्या कानात म्हणाली. "त्याचे अर्धे भक्त मुंबईत. नागपूर त्यानं बघितलंय कुठं?"

अपेक्षा आईला म्हणाली, "चालेल. देव म्हणेल ते."

गावी जाऊन यायला वेळ नव्हता, फॉर्मची मुदत जवळ आली होती. तेव्हा राजाराम गुरवाला फोन केला आणि त्यानं मोठ्या मनानं व्हिडिओ कॉलवर कौल लावायचं कबूल केलं. ठरलेल्या सकाळी खोलीत शेजारपाजार गोळा झाला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. कमलनं उदबत्ती लावली, मग एकदम आठवण होऊन पंखा बंद केला. कोकणातल्या पाकळ्या काळाचौकीतल्या पंख्यानं उडतील की काय, असं तिला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी ते बरोबरच धरलं आणि घाम पुसत बसले.

पडद्यावर देऊळ आलं. काळोखात समईचा पिवळा उजेड, काळा गुळगुळीत पाषाण, त्यावर दोन्हीकडं तगरीच्या पांढऱ्या पाकळ्या. आनंदाला वाटलं आपण लहान आहोत आणि वडिलांचं धोतर धरून त्या गार फरशीवर उभे आहोत. राजारामानं हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्यो तुझो आनंदा मुंबैसून तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"होय म्हाराजा!" खोलीतले सगळे म्हणाले. साताऱ्याच्या शेजाऱ्यांनीही हात जोडून म्हटलं.

"तेच्या चेडवाक दातांची डाक्टरीण होऊचा आसा. मुंबैत रवान शिकूचा आसात तर उजवो कौल दी, नागपुराक जाऊचा आसात तर डावो दी..."

"होय म्हाराजा!"

"आणि खयचोय दिलंस तरी लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

खाली गल्लीत गणपतीच्या मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरत होते, त्यांचा खडखडाटही लांब गेल्यासारखा वाटला. उदबत्तीचा धूर पडद्यापुढून सरळ वर चालला होता. आणि पाकळी सुटली. पडद्याच्या उजव्या अंगाची, अगदी सावकाश, पाषाणावरून घसरत खाली.

"उजवा! उजवा दिला!" कमल ओरडली. सगळी खोली ओरडली. तेवढ्यात चित्र गोठलं, राजारामाचं उघडं तोंड तसंच राहिलं आणि कॉल तुटला. पण आता ऐकायचं काय उरलं होतं? कमलनं आधीच आणून ठेवलेले पेढे काढले. देवावरचा तिचा भरवसा असा होता.

आनंदानंही पेढा तोंडात घातला, आणि तो विरघळण्याआधी त्याच्या डोक्यात काहीतरी टोचलं. पडद्याची उजवी बाजू. म्हणजे बघणाऱ्याची उजवी. लॅबमध्ये जबड्याच्या साच्यावर निळ्या पेन्सिलीनं खूण करतात आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, तुझं नाही. तू समोर बसलायस, तुझं सगळं उलटं. देवाचंही तेच. लहानपणी वडिलांनी कानाशी वाकून सांगितलं होतं, "देवाचो उजवो बघूचो, आपलो न्हय." देवानं डावा दिला होता.

त्यानं अपेक्षाकडं पाहिलं. ती हसत होती, शेजारणींच्या पाया पडत होती. मग पेढा हातातच धरून गॅलरीत गेली आणि पाठमोरी उभी राहिली. आनंदानं स्वतःला समजावलं की आपलीच काहीतरी चूक होत असेल.

पण संध्याकाळी राजारामाचा फोन आला. आनंदा जिन्यात जाऊन बोलला. "रेंज गेली रे. बघलंस मां? डावो पडलो. देवान चेडवाक मोकळा केल्यान. जावंदे तेका नागपुराक."

"बरा," आनंदा म्हणाला.

"कोण होतं?" आत आल्यावर कमलनं विचारलं.

"राजाराम. प्रसाद पाठवतो म्हणाला."

आयुष्यात आनंदानं थापा मारल्या नव्हत्या असं नाही, पण देवाच्या नावानं ही पहिलीच. आणि नवल म्हणजे ती फार गोड लागली. पुढचे काही दिवस तो बसमध्ये नुसता तरंगत होता. लालबागच्या दवाखान्याला त्यानं बाहेर बसायला बाक केला. पेटीत दोन मासे वाढवले. एकदा तर हिंदमाता, दादर सोडून थेट सायनला पोचला. फक्त एक भानगड होऊ लागली. स्वप्नात तो पिशवी घेऊन काचेचं दार ढकली, आत जाई, आणि पांढऱ्या कोटातली अपेक्षा पाठमोरी उभी असे. तो हाक मारी. ती वळत नसे. ज्या माणसानं जन्मात न पाहिलेल्या दाबकेबाईंना हसवलं होतं, त्याला स्वतःच्या लेकीचा चेहरा तेवढा करता येईना.

घरी ती धड जेवत नव्हती. विचारलं तर म्हणे, भूक नाही. आनंदा मान खाली घालून आपलं ताट संपवी.

मग एका दुपारी लॅबमध्ये वीज गेली आणि अभयसरांनी त्याला लवकर सोडलं. घरी आला तर खोली रिकामी. कमल केंद्रात, अपेक्षा मंडळाच्या अभ्यासिकेत. आनंदा खाटेवर टेकला. समोर दार सताड उघडं. गॅलरीतून जाणारा येणारा आत डोकावत होता, हे त्याला पन्नास वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, आज जाणवलं. काय वाटलं कुणास ठाऊक, तो उठला आणि त्यानं दार लावून घेतलं.

खोली एकदम मोठी झाली. भिंतीवर उन्हाचा एक तुकडा होता, तो पूर्वीही असणारच, पण आनंदाची त्याच्याशी आज ओळख झाली. घड्याळाचा आवाज आला. आपल्या श्वासाचा आला. तो कुठंही गेला नाही, ना सायनला, ना दाबकेबाईंकडं. होता तिथंच बसला आणि त्याला फार बरं वाटलं.

दारावर थापा पडल्या. "आनंदाभाऊ! अहो, काय झालं? बरं आहे ना? दार का लावलंय?"

चाळीत दिवसाढवळ्या दार लागलं म्हणजे आत कुणीतरी आजारी आहे, नाहीतर भांडण आहे, नाहीतर त्याहून वाईट. आनंदानं दार उघडलं. बाहेर तिघी शेजारणी, एकीच्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा. "काही नाही," तो म्हणाला. "नुसता बसलो होतो."

"दार लावून?"

त्या तिघींच्या चेहऱ्यांकडं बघताना आनंदाला शिवडीचा किल्ला आठवला. एवढंच मागत होती पोरगी. आणि ते तिला द्यायला देव तयार होता, बाप तयार नव्हता. त्यानं पायात चपला सरकवल्या आणि अभ्यासिकेची वाट धरली.

अपेक्षा जिना उतरून खाली आली ती घाबरूनच. "आईला काही झालं?"

"नाही गं. तुला एक सांगायचंय."

"मलापण," ती म्हणाली, आणि तिथंच, मंडळाच्या फळ्यापुढं तिचे डोळे भरून आले. "पप्पा, मी फॉर्म भरला. काल मुदत संपली. मी नागपूर पहिलं टाकलं. देवानं उजवा दिलेला असताना. आईला नाही सांगितलं. मला जेवण जात नाही, पप्पा. देवाच्या विरुद्ध गेले मी. माझं वाईट होणार."

"नाही होणार. देवानं डावा दिला होता."

ती रडता रडता थांबली. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलताय."

"खरंच सांगतोय गं. देवाचा उजवा वेगळा, आपला वेगळा..."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, पप्पा. कळतं लगेच." ती डोळे पुसत म्हणाली. "राहू दे. मी केलंय ना, मी निस्तरेन."

आनंदा हतबल झाला. खोटं बोललो ते दोघींनी पेढ्यासारखं गिळलं, आणि खरं सांगतोय तर ते घशाखाली उतरेना. एकच उपाय होता, आणि तो केला की आपण उघडे पडणार हे त्याला दिसत होतं. त्यानं खिशातून फोन काढला, राजारामाला लावला आणि आवाज मोठा केला.

"राजाराम, त्या दिवशीचो कौल खयचो पडलो, जरा परत सांग."

"अरे मेल्या!" पलीकडून राजाराम खेकसला. "तुका त्याच सांजेक फोन करून सांगलंय मां, डावो पडलो म्हणान? चेडवाक जावंदे म्हटलंय. आता परत कित्याक इचारतंस?"

"बरा, बरा," म्हणत आनंदानं फोन बंद केला.

गल्लीत मांडवाला कापड चढत होतं, कुणीतरी वरून दोरी मागत होतं. अपेक्षाच्या चेहऱ्यावरचं एकेक ओझं उतरताना आनंदाला दिसलं, आणि ते उतरल्यावर त्याच्या जागी दुसरं काहीतरी येताना दिसलं.

"त्याच संध्याकाळी?" तिनं विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी जेवत नव्हते, ते बघत होतात. आणि सांगितलं नाहीत?"

"नाही," आनंदा म्हणाला. सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. हॉस्टेलचं जेवण, आईची काळजी, लांबचा प्रवास, परका मुलूख. सगळी कारणं कमलनं आधीच तोंडपाठ करून ठेवलेली होती. त्याला फक्त उचलायची होती. पण पोरगी समोर उभी होती, आणि तिचा खरा चेहरा इतक्या जवळून त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं," तो म्हणाला. "देवाला नव्हतं वाटत. मलाच वाटत होतं."

"मग मला सांगायचं ना, पप्पा. देवाला मध्ये कशाला घातलंत?"

"आत्ता सांगतो," आनंदा म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण त्यानं तो सावरायची खटपट केली नाही. "मला करमणार नाही गं. अजिबात करमणार नाही. तू जा."